आवड ज्याची त्याची

"आमचं काही म्हणणं नाही हो. पण आवड ज्याची त्याची असते."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. बोलणारा शिव्या देत नाही, दगड मारत नाही. उलट चहा विचारतो. हल्ली त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटोसुद्धा असतो. पण मुलीचं लग्न, भाड्याची खोली, डब्यातली भाजी असला विषय निघाला की तो आवाज खाली घेऊन हे वाक्य काढतो. आणि आपण गप्प. कारण कायदा तिथं पोचत नाही. घटनेचं १७ वं कलम आहे, १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. ते हात धरतात. आवडीला बेडी कोण घालणार?

मी भिवंडीत लूमवर आहे. गाव पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला. गावी कोणी विचारलं तर आई सांगते, पोरगा मिलमध्ये हाय. आज्यापासूनचा तो शब्द. आजा परळच्या एका गिरणीत होता, १९८२ च्या संपानं तो घरी बसला तो बसलाच. मी दहावीपर्यंत शाळेत गेलो, पुढचं सगळं पाळी सुटल्यावर वाचलेलं. तेव्हा माझ्याकडून शास्त्रीबुवासारखी मांडणी मागू नका. गेल्या वर्षी एक गोष्ट घडली, ती पुढं सांगतो. तिच्यापायी आवड, शिसारी, जवळीक या शब्दांच्या मागं लागलो. प्रश्न साधाच आहे. आपल्याला काय आवडतं आणि कशाची किळस येते, याचा जाब माणसाला विचारता येतो की नाही? पाऊस पडला तर ढगाला जाब विचारत नाहीत. आवड तशीच आहे काय?

मानसशास्त्राची पुस्तकं सांगतात, माणसाला माणूस आवडतो तो बरेचदा केवळ जवळ असतो म्हणून. अमेरिकेत फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी एमआयटीतल्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला, १९५० साली तो छापला. कोण कुणाचा दोस्त? तर ज्याचं दार शेजारी, तो. खाली जिन्यापाशी राहणाऱ्याला वरच्या मजल्यावरचेही दोस्त मिळाले, कारण सगळे त्याच्या दारावरून जायचे. पुढं १९६८ साली झायोंक नावाच्या माणसानं दाखवलं की एखादी खूण, एखादा चेहरा नुसता वारंवार नजरेखालून गेला तरी तो बरा वाटायला लागतो. ओळख नको, बोलणं नको, नुसतं दिसणं पुरे.

हे वाचलं आणि मी एकटाच हसत बसलो. आमची वाडी आणि गावठाण यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. उन्हाळ्यात तर त्यात पाणीही नसतं. किती पिढ्या आम्ही त्यांना दिसतोय? त्यांची गुरं आमच्या लोकांनी ओढली, त्यांच्या मयताचा सांगावा आमच्या पणज्यांनी अनवाणी दुसऱ्या गावाला पोचवला. झायोंकच्या हिशोबानं एव्हाना त्यांना आमचं वेडच लागायला पाहिजे होतं.

पुस्तक खोटं नाही. पुस्तकात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती आमच्याकडं नाही. त्या वसाहतीत दाराशी दार होतं आणि दार ठोठावायला कुणाची बंदी नव्हती. आमच्याकडं अंतर फुटांनी मोजायचं नसतंच. पऱ्या ओलांडायला दोन मिनिटं लागतात, आणि ओटीवर चढायला शंभर वर्षंही पुरत नाहीत. बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच लिहून ठेवलंय. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढं जे भाषण व्हायचं होतं आणि झालं नाही, त्यात. शेजारी शेजारी राहिल्यानं समाज होत नाही. सारख्या चालीरीती असूनही होत नाही. माणसं एका कामात वाटेकरी झाली, एकाच्या जयापजयात दुसऱ्याचा जीव वरखाली झाला, तर समाज होतो. हा विचार त्यांनी त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई यांच्याकडून घेतला आणि जातीवर लावला. ड्युईनं लोकशाहीची व्याख्याच मुळी संवादावर बांधलेली. आपण संवाद म्हणजे बोलणं समजतो. बोलणं तर सावकारही कुळाशी करतो!

आता किळस. 'आवड ज्याची त्याची' म्हणणाऱ्याचा सगळा भार यावर असतो की ही गोष्ट आतून येते, तिला कारण नसतं. पॉल रोझिन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षं किळस या गोष्टीच्या मागं होता. त्यानं फळाच्या रसात निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून काढलं आणि लोकांना म्हणाला, प्या. कोण पिणार? झुरळात एकही जंतू नाही हे लोकांना पटतं, तरी रस नको. एकदा लागलं म्हणजे कायमचं लागलं. वाचताना मला वाटलं हा गृहस्थ आपल्याकडं येऊन गेला की काय. यालाच तर आपण विटाळ म्हणतो! महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून पेन्शनीत आलेले, त्यांनी १८८८ साली या विटाळावर पुस्तिका काढून वरच्या लोकांना प्रश्नावर प्रश्न टाकले होते. उत्तरं काही आली नाहीत.

पण रोझिननं दुसरीही गोष्ट दाखवली, आणि ती कामाची आहे. दोन वर्षांच्या आतल्या पोराला ही किळस नसतेच. ते काहीही तोंडात घालतं. किळस नंतर येते, मोठ्यांची तोंडं बघून, "छी" ऐकून. म्हणजे शिकवलेली असते. कशाची करायची हेही शिकवलेलं. याला महाडइतका पुरावा दुसरीकडं कुठं मिळणार? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, मागून हजारो लोक प्याले. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून परतणाऱ्या माणसांची डोकी फोडली गेली. आणि मग तळं शुद्ध करायला त्यात १०८ घागरी रिकाम्या केल्या. कशाच्या? शेण, गोमूत्र, दूध, दही. आता हे पाणी त्या अमेरिकेतल्या माणसाला द्या आणि म्हणा पी. तो झुरळाचा रस बरा म्हणेल. त्या तळ्यावर गुरंढोरं प्यायची, मुसलमान पाणी भरायचे, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. शेणानं शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीनं बाटतं, ही निसर्गाची आवड नव्हे. ही पाठ करून घेतलेली आवड आहे. पाठ केलेलं विसरताही येतं. निदान विसरायचा प्रयत्न तरी करता येतो. म्हणून मी म्हणतो जाब विचारता येतो.

इथवर सोपं होतं. पुढचं अवघड आहे.

गिरणीत येऊ. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत आमच्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. रिंगखात्यात जा, साफसफाईत जा, पण साच्यावर नाही, आणि पगार तर साच्यावरच बरा. कारण काय? धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. एकानं ओढलं, पाळी बदलली, दुसऱ्यानं ओढलं. थुंकीला थुंकी लागणार. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावणाऱ्या कामगाराला आमच्या खांद्याची अडचण नव्हती, ओठाची होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट धरून लावली की साचेखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणीही यादीत घाला. युनियननं ती घातली, पण खुशीनं नाही. विलायतेत या तोंडानं ओढण्याला धोट्याचं चुंबन म्हणत. बघा काय शब्द आहे! तिकडं त्यात चेष्टा होती. इकडं त्या चुंबनावर अर्ध्या गिरणीची वर्गवारी उभी होती.

माझ्या लूमवर धोटाच आहे. जुनी साधी लूम, अजून पुष्कळ आहेत भिवंडीत. माझ्या आधीच्या पाळीला उत्तर प्रदेशातला एक भय्या असतो, चांगला माणूस. सात महिने आम्ही एकाच धोट्याला तोंड लावत होतो. तो मला चुना मळून द्यायचा. एके दिवशी एप्रिलात मी निळा झेंडा घेऊन रस्त्यावर दिसलो त्याला. काही बोलला नाही. हात वर केला, हसला. पुढच्या आठवड्यात पाळी बदलताना बघतो तर त्यानं सायकलच्या तारेची बारीक आकडी करून आणलेली, तिनं धागा ओढायचा. मी बघतोय हे बघून म्हणाला, "तबियत के लिए. डॉक्टर बोला." आता खरं सांगायचं तर डॉक्टरचं बरोबरच आहे. तोंडानं ओढलं की कापसाची धूळ आणि दुसऱ्याची थुंकी छातीत जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९११ साली कायद्यानं ते बंद केलं, विलायतेत १९५२ साली. मीही आकडीच वापरायला पाहिजे.

पण मला सांगा, ती आकडी त्यानं खोकल्यासाठी केली की माझ्यासाठी?

मला माहीत नाही. कदाचित त्यालाही नीट माहीत नसेल. विचारता येत नाही. विचारलं आणि ती खोकल्याची असली तर मी एका चांगल्या माणसावर घाण फेकली. नाही विचारलं तर रोज ती आकडी माझ्या डोळ्यांपुढं लोंबते. जातीनं आमचं काय नासवलं असं कोणी विचारलं तर लोक पाणी सांगतात, देऊळ सांगतात. मी म्हणतो तिनं खुणा नासवल्या. माणूस माणसाशी बोलतो त्यातलं शब्दांनी थोडंच असतं. मान, डोळे, हाताचा वेग, किती जवळ सरकला, कप कुठं ठेवला, त्यावरून आपण समोरच्याचं मन वाचतो. जगातला कुठलाही माणूस हे वाचन बिनघोर करतो. आम्हाला प्रत्येक अक्षराखाली दुसरं अक्षर दिसतं.

महाडहून पोलादपूरला येणाऱ्या एसटीत बसा. शेजारी म्हातारा बाबा. "कुठं उतरनार पोरा?" मी गाव सांगतो. "व्हय? कुनाचा तू?" नाव सांगतो, नुसतं पहिलं. "आन् आडनाव?" आमच्या भागात आडनावानं पुरतं भागत नाही, एकच आडनाव दोन-तीन जातींत सापडतं. मग येतो खरा प्रश्न. "कंच्या वाडीतला?" बस्स. वाडी सांगितली की सगळं सांगितलं. याला गप्पा म्हणतात. ही गप्पा नव्हे, हा पंचनामा आहे. मग म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागतो. आता खिडकीबाहेर खरंच काही असेल. सावित्रीला पाणी आलं असेल, २०१६ साली जुना पूल दोन एसट्यांसकट जिथं वाहून गेला ती जागा आली असेल. कुणीही बघेल. मी मात्र त्याच्या मानेचा कोन मोजत बसतो. कधी उलटंही होतं. वाडी ऐकून माणूस एकदम गोड होतो. "वा वा, तुमची पोरं फार हुशार हो, शिकतात." ते गोड तर कडूपेक्षा वाईट लागतं.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. अमेरिकेत १९९१ साली छापलेला एक प्रयोग आहे, जेनिफर क्रोकर आणि तिच्या सहकाऱ्यांचा. काळ्या विद्यार्थ्याला सांगायचं की पलीकडच्या खोलीत एक गोरा विद्यार्थी आहे, तुझ्याशी दोस्ती करायला आवडेल का ते तो कळवणार आहे. निम्म्या वेळा मधल्या खिडकीचा पडदा खाली, निम्म्या वेळा वर. पडदा खाली असताना "आवडेल" असा निरोप आला तर पोराची मान ताठ व्हायची. पडदा वर असताना, म्हणजे गोऱ्यानं आपला रंग पाहिलाय हे माहीत असताना तोच निरोप आला, तर मान ताठ व्हायच्या ऐवजी खालीच जायची. मला आवडला म्हणतोय, की काळ्याला आवडला म्हणावं लागतं म्हणून म्हणतोय? दोस्ती पुढं आली तरी हातात घेता येत नाही.

म्हणून कोणी जर म्हणत असेल की प्रश्न मनं जुळण्याचा आहे, प्रेमाचा प्रसार करा, तर मी त्याला हात जोडतो. आकर्षणाचं तर नावच काढू नका. आकर्षणाला जात दिसत नाही असं सिनेमावाले म्हणतात. अंधारात कधीच दिसली नाही! दिवसा जिची सावली चालत नव्हती तिचं अंग रात्री चालत होतं. त्या रात्री विटाळ कुठं फिरायला गेला होता? त्या माणसाला ती बाई 'आवडली' होती म्हणून काय त्यानं माणुसकी केली म्हणायची? जिथं समोरच्याला नाही म्हणायची सोय नाही तिथं आवड हा शब्दच खोटा आहे. आणि जिथं पोरानं पोरीनं राजीखुशीनं उजेडात बोलायचं ठरवलं, तिथं काय होतं? २८ एप्रिल २०१४, नगर जिल्हा, खर्डा. नितीन आगे, १७ वर्षांचा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून त्याला मारून टाकलं असा आरोप होता. साक्षीदार फिरले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात खून केल्याचे सगळे आरोपी सुटले. त्याच्या दोनच वर्षांनी, २०१६ साली, 'सैराट' आला. गावोगाव थेटरात लोक नाचले, त्या दोन पोरांवर जीव टाकला सगळ्यांनी. घरी येऊन वधू-वराच्या जाहिरातीत काय छापलं? "जातीची अट नाही. एससी एसटी क्षमस्व." क्षमस्व! केवढी नम्र किळस.

मग आम्ही मागायचं काय? प्रेम मागता येत नाही. मी कुणाला आवडलोच पाहिजे असा माझा हक्क नाही, तसा हक्क कुणाचाच कुणावर नाही. आपल्या काही पोरांना हे कळत नाही, एखादीनं नाही म्हटलं की ती लगेच जातीयवादी. तिला तू आवडला नसशील बाबा. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे, आणि तो आपल्या आयाबहिणींना कधी नव्हता म्हणून तर आपल्याला त्याची किंमत जास्त कळायला हवी.

आणि आपल्या वाडीतही जरा बघून घ्या. पावसाळा संपला की कातकरी कोळसा पाडायला, वीटभट्टीला निघतात. निघण्याआधी वाडीवर आले की त्यांना पाणी कशातून मिळतं? आमच्याकडं एका घरी जर्मनचा वेगळा तांब्या होता, पडवीच्या कोपऱ्यात पालथा. ती किळस कुठल्या मनुस्मृतीत वाचली होती आपण? मांगाची सून नको, चांभाराचा जावई नको, पोरगी गोरी पाहिजे. या आवडीही ज्याच्या त्याच्याच म्हणायच्या काय? पंचशील भिंतीवर आणि तांब्या कोपऱ्यात. आपल्या माणसांना हे आवडणार नाही. न आवडो.

जाब विचारायचा तो मनात काय आलं याचा नव्हे. मनात काय यावं ते कुणाच्या हातात नसतं. शिकवलेली किळस एका दिवसात जात नाही हे मलाही कळतं. जाब विचारायचा तो ज्याच्या हातात संशय फेडणं आहे आणि जो फेडत नाही त्याचा. खुणा त्यानं नासवल्या, त्याच्या बापजाद्यांनी नासवल्या. तेव्हा ती साफ करायचं काम त्याचं. मी रोज त्याच्या मानेचा कोन मोजायचा आणि त्यानं म्हणायचं "मी कुठं काय केलं?" हा सौदा बरोबर नाही. त्यानं काही केलं नाही हाच तर मुद्दा आहे.

आणि हे करता येतं. महाडात केलं होतं माणसांनी. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड म्युनिसिपालटीनं तो ठराव लागू केला. कागदावर. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस कागदावर थांबले असते तर त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. ते सभेला आले. अनंतराव चित्रे आले. महाड तालुक्यातलेच रामचंद्र बाबाजी मोरे सगळी उठाठेव करत होते, ते आपले. त्या वर्षी २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपाला कुणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. मनुस्मृती जाळायचा ठराव मांडायला उभे राहिले सहस्रबुद्धे, जातीनं ब्राह्मण. या लोकांच्या मनात आमच्याविषयी काय होतं मला ठाऊक नाही. प्रेम असेल, दया असेल, थोडी शिसारीही उरली असेल कोपऱ्यात. पण त्यांनी जे केलं ते भरदिवसा, आपल्या माणसांदेखत, किंमत मोजून केलं. त्यांच्या मानेचा कोन मोजत बसायची गरज कुणाला पडली नसेल.

बाबासाहेबांनी त्या डिसेंबरात सांगितलं की या तळ्याचं पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण मेलो नाही, आपण जातोय ते आपण माणसं आहोत हे ठरवायला. बघा, ते कुणाला म्हणाले नाहीत की आमच्यावर प्रेम करा. आणि त्याच परिषदेत त्यांनी बायकांना वेगळं बसवून सांगितलं, लुगडं आखूड नेसू नका, अंगावर जातीची खूण म्हणून दाटीवाटीनं ते जाडजूड दागिने घालू नका. बायकांनी लगेच लुगड्याची नेसण बदलली अशी नोंद आहे. काही विद्वान म्हणतात ही वरच्यांची नक्कल. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या नजरेला दुरूनच वाचता यावी म्हणून जी खूण आमच्या आज्यांच्या पोटऱ्यांवर ठेवली होती, ती त्यांनी एका संध्याकाळी पुसली. वाचणाऱ्याला सांगितलं, आता जवळ ये आणि तोंडानं विचार.

तळ्याचा खटला चालू राहिला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला, आपल्या बाजूनं. पाणी प्याल्याला तोवर १० वर्षं होत आली होती.

तुम्ही म्हणाल, संकटात माणसं एक होतात, तेव्हा काय? होतात. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा मी तिथं होतो. बाजारपेठ पाण्याखाली, तळीयेवर डोंगर उतरला, ऐंशीच्या वर माणसं गेली, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीतही तसंच. आम्ही वीस-बावीस जण एका जिन्यावर रात्रभर होतो. एकच पाण्याची बाटली फिरत होती, तोंड लावूनच पीत होते सगळे. वाडी कुणी विचारली नाही. गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ साली लिहिलंय की नुसत्या संपर्कानं पूर्वग्रह जात नाहीत, दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एक हवं, एकमेकांशिवाय ते होता कामा नये आणि वरच्या सत्तेनं पाठीशी राहायला हवं. त्या जिन्यावर हे जवळजवळ सगळं होतं. पुरानं सगळ्यांना एका पायरीवर आणून ठेवलं होतं. चिखल काढून झाला, दुकानं उघडली, आणि ज्याची त्याची पायरी ज्याला त्याला परत मिळाली. पुराची बाटली फिरायला पूरच लागतो. मला पावसावर भरवसा ठेवून चालायचं नाही.

आता ती गोष्ट. गेल्या वर्षी माझी एक कविता छापून आली. खाली पूर्ण नाव, आडनाव, वाडीसकट गाव. तिनं ते वाचून पत्ता काढला आणि फोन केला. ती महाडची. आपल्यातली नाही. जात लिहीत नाही, तिचं घर लहान गावात आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून पडदा वर होता, मी काय आहे ते वाचूनच ती आली होती. तरीही मी सहा महिने तिच्या आवाजाचा कोन मोजत होतो. दया आहे का, हौस आहे का, कविता आवडली म्हणजे कवीही आवडून घेतेय का. ती एकदा वैतागून म्हणाली, "तू माझ्याशी बोलतोस की माझी झडती घेतोस?"

मी तिला आकडीची गोष्ट सांगितली. ती ऐकून बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "तुझ्या आईला मी आवडेन का?"

हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. जन्मभर मी आवडेन का हेच चालू होतं. आईचं मला माहीत आहे. ती म्हणेल, त्या घरची पोरगी आपल्या चुलीपाशी बसंल का, आपल्या हातचं खाईल का, आन् उद्या तिचे भाऊ कोयते घेऊन आले तर? आईचं यातलं एकही भय खोटं नाही.

मी म्हटलं, आधी तुझ्या घरचं सांग. ती म्हणाली, "घरी सांगून झालं. दिवाळीतच. फराळाला सगळे जमले होते तेव्हाच सांगितलं, मागाहून कुणी कानाफुसी केली असं व्हायला नको. आत्यानं ताट सारलं. बाबा दोन महिने माझ्याशी बोलत नाहीत."

दिवाळीला. म्हणजे मी झडती घेत होतो तेव्हा हे होऊन गेलं होतं, आणि तिनं मला कळवलंही नव्हतं.

१९ तारखेची रात्रपाळी करून मी सुट्टी टाकलीय. २० मार्चला तळ्यावर गर्दी असते, आई दरवर्षी वाडीतल्या बायकांबरोबर चालत्या गाड्या धरून येते, सकाळी नऊपर्यंत पोचते. तिलाही मी तिथंच यायला सांगितलंय.